बोल्ड इटॅलिक सॅन्स सेरिफला मराठीत काय म्हणाल?

— डिझाइनच्या एका पुस्तिकेचं मराठी करतोय आणि 'बोल्ड इटॅलिक सॅन्स सेरिफ' या अक्षरप्रकारापाशी अडलोय. 'ठळक तिरकस' इथवर आलो, पुढे काय लावू? आणि तिरकस बरोबर आहे का?

— तिरकस नको हो, तिरकस म्हटलं की टोमणाच आठवतो. तिरपं म्हणा. ठळक मस्त बसतो, ठळक बातम्यांमुळे कान सरावलेत, पण बारकाईने बघितलं तर बोल्ड म्हणजे रेघ जाड, आणि ती जाड असते म्हणून अक्षर ठळक दिसतं. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला असते ती छोटी रेघ, छापील कॅपिटल आयच्या डोक्यावर नि पायाशी दिसते बघा ती. सॅन्स म्हणजे फ्रेंचमध्ये 'विना'. मी सरळ बिनसेरिफ लिहितो. बिनरेघी लिहिलंत तर लोकांना शिरोरेखा गेली असं वाटेल.

— तिरपं मला अर्धंच पटतं. इटॅलिक हे मुळात वेगळं वळण आहे. व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या मुद्रकाने १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक त्यात छापलं, छपाईचे खिळे फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेले, हाताने भरभर लिहिलेल्या अक्षरावरून घेतलेले, आणि गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं सरळ उभीच होती! म्हणजे नुसता कल हा मुद्दाच नव्हता. बिनसेरिफमध्ये मात्र दोन्ही तऱ्हा सापडतात: हेल्वेटिका या फॉन्टमध्ये तेच अक्षर कललेलं असतं, त्याला ओब्लिक म्हणतात, तर गिल सॅन्स या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये छोट्या ए चा आकारच बदलतो. म्हणून ओब्लिकला तिरपा ठेवा आणि इटॅलिकला इटॅलिकच राहू द्या. आणि नुसता कलवला तरी काम संपत नाही, गोल ओ वाकडा दिसायला लागतो, तो हाताने सुधारावा लागतो.

— अक्षरं घडवणाऱ्या फ्रुटिगरने आपल्या युनिव्हर्स या फॉन्टमध्ये (१९५७) प्रत्येक रूपाला नावाऐवजी आकडाच दिला. ५५ साधा, ५६ तिरपा, ६५ ठळक, ६६ ठळक तिरपा. इतकं स्वच्छ नाव मला अजून कुठल्याच भाषेत दिसलं नाही.

— वापराचंही लिहा की पुस्तिकेत. सगळा मथळा ठळक असेल आणि त्यातल्या एकाच शब्दावर जोर द्यायचा असेल तर हा बोल्ड इटॅलिक सॅन्स सेरिफ उपयोगी, पण अख्खा परिच्छेद यात लावला तर डोळे दमतात. गणितात टेन्सरची (अनेक घटक असलेल्या एका प्रकारच्या राशीची) चिन्हं यातच छापायचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, वेगळी अक्षरं २००१ पासून आहेत आणि लोक तीच कॉपी करून प्रोफाइलच्या नावात टाकतात. तो फॉन्ट नव्हे, ती गणिताची चिन्हं आहेत, स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला नावाऐवजी एकेका चिन्हाचं लांबलचक वर्णन ऐकू येऊ शकतं किंवा काहीच येत नाही. कृपया नका करू असं.

— देवनागरीसाठी युनिकोडमध्ये गणिती अक्षरांचा तसा संच नाहीच. आणि आपलं अक्षर सॉफ्टवेअरने कलवलं की शिरोरेखा आडवीच राहते, काना आणि बाकीचं अक्षर झुकतं. त्याला 'तिरपं' हा शब्द अगदी चपखल, इटॅलिक म्हणू नये.