४ टीबीची डिस्क १६७८ जीबीच दिसतेय, जुन्या नॅसला किती टीबी चालते? (मदत हवी आहे, लवकर)

बोरीकाठ (अमळनेर)
घरच्या नॅसमधली (घरातल्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा डिस्कचा डबा) जागा संपली म्हणून ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क आणल्या. एक लावून पाहिली तर १६७८ जीबीच दिसते. फॉरमॅट केली, तरी तेच. दुकानदार म्हणतो डिस्क चांगली आहे, तुमच्या मशीनला एवढी मोठी डिस्क झेपत नाही, नवं घ्या. परत घ्यायला तो तयार नाही. कानबाईच्या रोटांच्या (आमच्या खानदेशातला सण) आधी जागा मोकळी व्हायलाच हवी, रेकॉर्डिंगचं ठरलेलं आहे. जुन्या नॅसला जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क चालते, एवढंच सांगा.

तापीकाठ
कोणत्या नॅसला? कंपनी, मॉडेल, फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) काहीच लिहिलेलं नाही. आत आधी कोणत्या डिस्क आहेत, रेड (डिस्क एकत्र जोडायची पद्धत) कोणती, आणि हा १६७८ आकडा नेमका कुठल्या स्क्रीनवर दिसला?

केळीबाग_रावेर
या डब्यांच्या नादी लागूच नका. मी एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यात ट्रूनॅस (नॅस चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, चार डिस्क लावल्या. मर्यादा-बिर्यादा काही नाही. कंपनीने अपडेट देणं थांबवलं की हे तयार डबे निकामीच होतात.

डेटा_धुळे
आधी डिस्कच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाका. डिस्क एसएमआर निघाली तर पुढे रडायची वेळ येईल. त्यात ट्रॅक एकावर एक कौलांसारखे चढवलेले असतात, म्हणून एक जागा बदलायची तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. रेड दुरुस्त होताना अशी डिस्क तासांचे दिवस करते. नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर आहेत हे २०२० साली उघड झालं, तोवर लेबलवर तसं लिहिलेलंही नसायचं. नॅसला सीएमआरच घ्या, त्यात ट्रॅक एकावर एक चढवलेले नसतात.

तापीकाठ
धुळेकर, मुद्दा बरोबर आहे, पण त्यांची तक्रार वेगाची नाही, आकाराची आहे. एसएमआर असली तरी ४ टीबीची डिस्क ४ टीबीच दिसते.

डेटा_धुळे
आज आकार, उद्या वेग. डिस्क बदलून घ्यायची तर आत्ताच घ्यायला हवी ना भो, म्हणून सांगतोय.

बोरीकाठ (अमळनेर)
मॉडेलवर एवढं कशाला अडायचं? दोन बेचं (दोन डिस्क बसतात असं) आहे, दहा-बारा वर्षं जुनं. आत २ टीबीच्या दोन, मिररमध्ये. डिस्क सीएमआर आहेत, बघूनच घेतल्या. आकडा कॉम्प्युटरवर पाहिला. नॅसमध्ये घालायच्या आधी तपासावी म्हणून यूएसबी डॉकवर (सुटी डिस्क कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लावली होती. आता सांगा.

तापीकाठ
डॉक! म्हणजे ती डिस्क नॅसमध्ये गेलेलीच नाही, मग नॅसला दोष कसा देणार?

४ टीबीची धड डिस्क विंडोजमध्ये ३७२६ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून २०४८ वजा करा. १६७८ उरतात, तुमचाच आकडा. डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजतात. जुन्या डॉकच्या चिपमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, तो ४२९ कोटींच्या पुढे जात नाही. तेवढे सेक्टर म्हणजे २०४८ जीबी. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि उरलेलंच दिसतं. फॉरमॅट करून यात काही फरक पडायचा नाही. डिस्कही चांगली, नॅसही बहुधा चांगला.

त्या डॉकवर या डिस्कमध्ये काहीही कॉपी करू नका. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची चालणाऱ्या डिस्कची यादी असते, त्यात ४ टीबी आहे का ते बघा. म्हणून मॉडेल विचारत होतो.

सातपुडा७ (भुसावळ)
कुणी गरमीचं बोललंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, नॅस बंद कपाटात ठेवू नका. आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर लाइट गेली की क्षणभर झटका बसतो आणि नॅस रीस्टार्ट होतं.

बोरीकाठ (अमळनेर)
यादीत ४ टीबी आहे. फर्मवेअर अपडेट केलं, एक जुनी काढून नवी घातली. नॅसमध्ये डिस्क ३.६ टीबी दिसते! पण व्हॉल्यूम (फाइली ठेवायला मिळणारी जागा) अजून १.८ टीबीच. आता हे काय?

तापीकाठ
हे असंच व्हायला हवं. मिररमध्ये दोन्हीकडे तोच डेटा असतो, म्हणून जागा लहान डिस्कएवढीच मिळते. पहिलीचं रिपेअर (नव्या डिस्कवर डेटा उतरवणं) पूर्ण होऊन स्थिती नॉर्मल दिसेपर्यंत दुसरीला हात लावू नका. मग ती बदला, पुन्हा पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतर व्हॉल्यूम वाढवा. काही मॉडेल आपोआप वाढवतात, काहींत बटण असतं.

केळीबाग_रावेर
एवढं थांबण्यापेक्षा मिरर मोडा आणि दोन्ही वेगवेगळ्या वापरा. ८ टीबी मिळतील.

डेटा_धुळे
नका हो असलं सांगू! एक डिस्क गेली की अर्धं सगळं गेलं. बोरीकाठ, काढलेली जुनी डिस्क पुसू नका, लेबल लावून बाजूला ठेवा. शिवाय एक प्रत नॅसच्या बाहेर हवीच. चुकून डिलीट केलेलं मिरर दोन्हीकडून डिलीट करतं.

खानदेशी_लेक
धाग्याशी संबंध नाही, पण कानबाईची गाणी रेकॉर्ड करताय का? आमच्या आजीला अख्खी रात्र पुरतील एवढी यायची, त्यातलं एकही आमच्याकडे नाही. आणि नुसत्या आवाजाला एवढी जागा लागते का?

बोरीकाठ (अमळनेर)
हो, तीच. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका अहिराणीत गातात, काही गाणी आता एकदोघींनाच येतात. नुसता आवाज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओत तासाला जेमतेम एक जीबी होतो. जागा व्हिडिओ खातो, १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी. पण कोण गातंय आणि हात कसे चालतात तेही राहायला हवं, म्हणून व्हिडिओ सोडणार नाही.

रिपेअर ३८ टक्के झालंय. जुनी डिस्क बाजूला ठेवली. पुढे ८ टीबीच्या घातल्या तर?

तापीकाठ
यादीत असतील तर घाला. एवढ्या जुन्या नॅसचा प्रोसेसर बहुधा ३२ बिटांचा असतो, त्यावर एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जात नाही. दोन बेच्या मिररमध्ये ८ टीबीच्या डिस्क लावल्या तरी तुम्ही त्याच्या निम्म्याच्या पुढे जात नाही.

केळीबाग_रावेर
राउटरला पेनड्राइव्ह लावूनही नेटवर्कवर फाइली दिसतात, कुणाला हवं असेल तर सेटिंग सांगतो.

खानदेशी_लेक
मला त्या गाण्यांची एक प्रत मिळेल का? डिस्क मी पाठवते.