ताटावर बसायची भीती: आपापले अनुभव

मला बुलिमिया होता, म्हणजे बेभान खायचं आणि मग उलटी करून काढायचं. १९व्या वर्षी सुरू झाला आणि पहिल्यांदा कुणाशी बोलले तेव्हा मी २७ वर्षांची होते. मधल्या काळात घरी कुणाला संशयही आला नाही, कारण वजन फारसं हललंच नव्हतं. खाण्याचा आजार म्हटलं की हाडं दिसणारी मुलगी डोळ्यांसमोर येते. मी तशी कधीच नव्हते.

आपल्याकडे ‘नखरे करते’, ‘खा खा सुटलीय’, ‘डाएटचं खूळ’ यापुढे बोलणं जात नाही. म्हणून ज्यांनी हे स्वतः किंवा घरात सोसलंय, त्यांनी इथे लिहावं. फक्त वजनाचे आकडे, कॅलरी आणि लपवायच्या युक्त्या लिहू नका. आजारी माणूस त्या आकड्यांशी शर्यत लावतो. मी लावली आहे.

सुरुवात माझ्यापासून. माझ्यावर सीबीटी-ई या मानसोपचाराच्या पद्धतीने उपचार झाले. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती खास खाण्याच्या आजारांसाठी घडवली. वजन फार उतरलेलं नसेल तर साधारण २० आठवड्यांत २० भेटी. पहिलं काम वहीचं: किती वाजता, काय, कुठे बसून खाल्लं, उलटी केली का, मनात काय चाललं होतं. रात्री आठवून नाही, खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. माझ्या पहिल्या पानावर आहे, ‘सायं. ७.१०, ओट्याशी उभ्याने, फरसाणची अख्खी पिशवी. दुपारचा डबा परत आणला.’ तीन आठवड्यांची पानं माझ्या थेरपिस्ट ताईंनी माझ्यासमोर पसरली. जवळजवळ प्रत्येक अशा संध्याकाळच्या वर ‘डबा परत’ होतं. मला वाटायचं, माझ्या जिभेला लगाम नाही. वहीत दिसली ती भूक. मग तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांहून जास्त पोट रिकामं नाही, असं ठरलं. भूक असो-नसो, घड्याळ बघून. वजन आठवड्यातून एकदाच, तेही त्यांच्यासमोर.

नाशिक, आई

मुलगी दहावीला होती. लग्नात कुणीतरी ‘बाळसं धरलंय हं’ म्हणालं आणि गोड बंद झालं. मग तूप, मग भात, मग पोळी. स्वतः खात नव्हती, पण भावासाठी केक करायची, तासन्‌तास रेसिपी बघायची. मी म्हणायचे, किती आवड आहे हिला! डॉक्टरांनी मला अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर त्यातले काही पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. उपाशी मेंदू दुसरं काही सुचूच देत नाही, हे तेव्हा मला कळलं.

तोवर पाळी थांबली होती, हातांवर बारीक लव आली होती, नाडी इतकी मंद की ॲडमिटच करावं लागलं. तिथेही अन्न हळूहळूच वाढवलं, कारण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम खाऊ घातलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि जिवावर बेतू शकतं.

घरी आल्यावर कुटुंबाधारित उपचार. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात सुरू झालेली पद्धत आहे. काय आणि किती खायचं हे काही महिने आईवडिलांनी ठरवायचं आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं. पहिल्या दिवशीचा वरणभात एक तास दहा मिनिटं चालला. तूप लागलेली शितं ती एकेक करून ताटाच्या कडेला लावत होती. रागावायचं नाही, समजूत घालत बसायचं नाही, एवढंच म्हणायचं, ‘पुढचा घास घे, राणी.’ तिने मला काय काय ऐकवलं ते लिहवत नाही. ‘हे ती बोलत नाही, आजार बोलतोय,’ असं ह्यांनी फ्रिजवर लिहून लावलं होतं, आम्हा दोघांसाठी. सात महिन्यांनी संध्याकाळचं खाणं तिने स्वतः ठरवायचं असं झालं. त्या दिवशी तिने शिरा मागितला. मी तूप घालताना ती स्वयंपाकघरातच उभी होती.

कोल्हापूर

मुलांनाही होतं. मी बारीक आहे असं मला वाटायचं, शर्टाच्या बाह्या घट्ट होत असतानाही. दिसेल त्या काचेत दंड बघायचा. बहिणीच्या लग्नात सगळे पंगतीला आणि मी गाडीत डब्यातलं उकडलेलं चिकन खात बसलो होतो. तिने ते बघितलं. अजून बोलून दाखवलं नाही, पण बघितलं. समुपदेशकांनी आधी आरशाचे फेरे मोजायला लावले. पहिल्या दिवशी ४३ भरले.

सांगली, दंतवैद्य

वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली दिसली की मी पेशंटला एकटं बसवून विचारते. ओरडू नका, विचारा. आणि ज्यांना उलट्या होतात त्यांच्यासाठी: लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल आणखी घासलं जातं. आधी पाण्याने चूळ भरा.

(माझी भर: रोज उलट्या होत असतील, चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर थेरपीच्याही आधी डॉक्टर गाठा. पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या. गावात कुणी तज्ज्ञ नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर आहे, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.)

लेस्टर, इंग्लंड

मला बिंज इटिंग, म्हणजे थांबता न येता खात सुटणं, पण नंतर उलटी नाही. इथे मोठ्या माणसांना आधी मार्गदर्शनासह स्वयंमदत देतात: पुस्तकाप्रमाणे आपण काम करायचं आणि १६ आठवड्यांत २० मिनिटांच्या चार ते नऊ भेटी. सगळं नीट करत होते, पण आत काही पोचत नव्हतं. एकदा भेटीत माझ्या थेरपिस्टने विचारलं, स्वतःला शिव्या कुठल्या भाषेत देतेस? मी गप्प झाले. ‘भोपळा’, ‘म्हैस’, ‘हिला कोण पदरात घेणार’, सगळं मराठीत होतं, आणि बरंचसं आत्याच्या आवाजात. तेव्हापासून वही मराठीत लिहिली. इंग्रजी वहीत मी कधी रडले नव्हते.

पुणे

माझ्या आजाराला उपासाचं पांघरूण होतं. संकष्टी, एकादशी, नवरात्र, मग सोमवार, मग गुरुवार. घरात सगळे कौतुक करायचे. थेरपिस्टने उपास पूर्ण बंद सांगितले तेव्हा वाटलं, आई हे कधीच मान्य करणार नाही. सांगून टाकलं, सगळंच. ती बराच वेळ परातीतली कणीक मळत राहिली. मग म्हणाली, ‘तुझी संकष्टी मी धरते. तू जेव.’ तिची स्वतःची होतीच. त्या रात्री चंद्रोदय उशिरा होता. तिने मला साडेआठला वाढलं आणि माझं होईस्तोवर समोर बसून राहिली.