जुन्या हातबनावटीच्या माउंटन बाइक: शोध कारागिराचा की कारखान्याचा?

उतारवेडी:
माउंटन बाइक कारखान्यात नाही, कारागिराच्या हातून जन्मली असं माझं ठाम मत आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ पासून 'रिपॅक' नावाच्या उतारावर शर्यती व्हायच्या. पोरं १९३०-४० च्या दशकांतल्या श्विन सायकली त्यावरून सोडायची. उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं (चाकाच्या मध्यभागातलं) ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं. उताराचं नाव त्यावरूनच पडलं. मग १९७७ मध्ये जो ब्रीझ नावाच्या कारागिराने क्रोमोलीच्या (हलक्या पण मजबूत मिश्र पोलादाच्या) पाइपांची, खास याच कामासाठी फ्रेम स्वतः बनवली आणि सगळे भाग नवे घातले. ती पहिली ब्रीझर आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि तिथेच ती शोभते.

पाना_पक्कड:
असहमत. जाड टायर आणि रुंद हँडल त्या श्विनवर आधीपासून होतेच, आणि श्विन म्हणजे कारखाना. ब्रीझने पहिल्या खेपेला बनवल्या दहा. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने स्टम्पजम्पर ही माउंटन बाइक जपानमध्ये बनवून घेतली, तेव्हा कुठे ही सायकल साध्या दुकानात दिसू लागली. दहा जणांकडे असलेल्या वस्तूला मी क्रांती म्हणणार नाही.

उतारवेडी:
पण त्याच्या दोन वर्षं आधीपासून गॅरी फिशर आणि चार्ली केली टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेमवर सायकली विकत होते! त्या फ्रेमचे सांधे नीट बघा. रस्त्याच्या सायकलींना सांध्यांवर बसवायच्या तयार पोलादी खोळी मिळायच्या, पण त्या ठरलेल्या जाडीच्या आणि ठरलेल्या कोनांच्या. डोंगरासाठी जाड पाइप हवे, कोन वेगळे हवे. रिचीने खोळी वगळल्या. पाइपांची टोकं एकमेकांत चपखल बसतील अशी कापायची, मग पितळ वितळवून सांध्याभोवती गोलाईने भरायचं. पोलाद वितळत नाही, पितळच धरून ठेवतं. त्यामुळे कोन कारागिराच्या मर्जीचा. आज एखादा बदल सुचला तर पुढच्या फ्रेममध्ये उतरला. हा वेग कुठल्या कारखान्याला जमला असता?

तांबडी_माती:
चार्ली कनिंगहॅमला विसरू नका. १९७९ मध्ये त्याने जाड पण पातळ भिंतीच्या अ‍ॅल्युमिनियम पाइपांची डोंगरी सायकल केली. व्यास वाढवला की ताठपणा झपाट्याने वाढतो, वजन मात्र कमी राहतं. वेल्डिंगने अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं, म्हणून फ्रेमवर उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. हे नुसतं हातकाम नाही, अव्वल अभियांत्रिकी आहे. माझ्या मते त्या सगळ्यांत सर्वात पुढचा विचार त्याचाच.

पाना_पक्कड:
कनिंगहॅमचं मान्य, तिथे माझा विरोध नाही. पण ब्रीझरवर गिअर सनटूर कंपनीचे आणि ब्रेकचे लिव्हर मागुरा कंपनीचे, तेही मोटरसायकलचे. हेही कारखान्याचंच देणं ना?

उतारवेडी:
लिव्हर मागुराचे, कबूल. पण मोटरसायकलचा लिव्हर सायकलच्या हँडलवर लावावा हे मागुराला सुचलं नव्हतं. ज्यांचं ग्रीस जळत होतं, त्यांना सुचलं.