दानपेटीतले पैसे दानात धरायचे का?

बर्डीवाला (धागाकर्ता)

रामनवमीला नागपुरात पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा निघते तेव्हा रस्ताभर सरबत, ताक, फराळाचे स्टॉल लागलेले असतात. उपासाच्या दिवशी इतकं पोट भरतं की बोलायची सोय नाही. ते पाहून आमच्या ऑफिसातले एक स्नेही म्हणाले, "देव मानणाऱ्यांचाच हात सैल असतो. तुम्ही नास्तिक नुसते फेसबुकवर समाजसेवा करता."

मला हे पटत नाही. देवाला चांदीचा मुकुट आणि मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) भरती असलेल्या अनोळखी माणसाचं औषध, दोन्ही एकाच खात्यात मांडलं तर भाविक पुढे दिसणारच. मुकुट ही मी हौस समजतो, मंडळाच्या वर्गणीसारखी. आयकर खातंही हा भेद करतं. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ८०-जी, म्हणजे देणगीदाराला करात सवलत, मिळत नाही (अधिसूचित देवळांच्या जीर्णोद्धाराचा अपवाद सोडून), आणि धर्मादाय संस्थेलाही उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच धार्मिक खर्चाची मुभा आहे. अमेरिकेतही एकूण देणग्यांपैकी सुमारे पाव हिस्सा धर्मसंस्थांकडे जातो. तो बाजूला ठेवा आणि मग सांगा, भाविक जास्त देतो का?

शेगावची_वारी

बाजूला का ठेवायचा? शेगावला दानपेटीत पडलेल्या पैशांतून दवाखाने चालतात. १९८३ पासून इंजिनीअरिंग कॉलेज आहे. आणि सेवाधारी तुमच्या कोणत्या खात्यात बसतात? गावोगावची माणसं पाळीपाळीने येतात, पगार न घेता झाडतात, पंगतीत वाढतात, चपला सांभाळतात. महाराजांचं नाव काढून टाका आणि जाहिरात द्या, "बिनपगारी झाडू मारायला माणसे पाहिजेत". बघू किती अर्ज येतात.

काऊन_बे

शेगाव शंभरातलं एक हाय राजेहो. त्याच्या नावावर बाकीच्या नव्व्याण्णवाईनं काऊन मिरवाचं? आमच्या मोहल्ल्यात देवळाच्या टाईल्सची वर्गणी अन् बाजूच्या शाळेतल्या संडासाच्या दाराची वर्गणी, दोन्ही मागाले मीच फिरलो. टाईल्सवाले पैसे लोकं घरी आणून देत होते. दारासाठी गेलो तर "साहेब घरी नाहीत". टाईलवर आईवडिलाईचं नाव कोरता येते न भाऊ, संडासाच्या दारावर कोण कोरन?

शेगावची_वारी

मग ती नावाची हाव झाली, श्रद्धा नव्हे. नाव तर कॉलेजच्या सभागृहालाही देतात.

नास्तिक_नागपुरी

मागे पेपरात आलं होतं की धार्मिक घरातली मुलं उलट कमी वाटून खातात. सहा देशांतल्या मुलांवर प्रयोग होता. विषय संपला.

आकडेमोड

नाही संपला. २०१५ चा तो लेख २०१९ मध्ये मागे घेतला गेला. देशांना दिलेले सांकेतिक क्रमांक गणितात खऱ्या आकड्यांसारखे घेतले गेले होते. दुरुस्त केल्यावर बऱ्याच बाबतींत फरक धर्मापेक्षा देशामुळे पडत असल्याचं दिसलं. मागे घेतल्याची बातमी मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

आस्तिकांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत. २००७ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला. लोकांना दहा डॉलर दिले, अनोळखी माणसाला हवे तेवढे द्या म्हणाले. आधी देवाधर्माचे शब्द असलेली वाक्यं जुळवायला लावली, तर सरासरी ४.२२ डॉलर दिले गेले. न लावता १.८४. पण 'करार', 'पोलीस' असे शब्द वापरले तरी जवळजवळ तेवढेच. शिवाय २०१५ मध्ये जास्त लोकांवर हाच प्रयोग केला, तेव्हा देवाच्या शब्दांचा परिणाम दिसला नाही.

मला सगळ्यांत जास्त पटतो तो १९७३ चा प्रिन्स्टनचा प्रयोग. पाद्री व्हायला शिकणारे विद्यार्थी, वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप उशीर झालेल्यांपैकी १०. काही जण तर बायबलातल्या चांगल्या शोमरोन्याच्या (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याच्या) गोष्टीवरच बोलायला निघाले होते!

निळी_पहाट

प्रयोगशाळा राहू द्या, अशोक विजयादशमीला काछीपुऱ्याकडून दीक्षाभूमीपर्यंत चालत या. लाखो लोक बाहेरगावहून आलेले असतात. पोरं भाजीचे गंज घेऊन रस्त्यावर उभी, जाणाऱ्याचा हात धरून "ताई, जेवून जा" म्हणतात. आमच्या धम्मात देव नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बावीस प्रतिज्ञांत देव नाकारले गेले, आणि दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं. म्हणजे वरून कोणी बघतंय म्हणून हात सुटतो, हे गणित इथे लागू पडत नाही.

बर्डीवाला

अगदी! देव लागत नाही, हेच तर मी म्हणतोय.

निळी_पहाट

थांबा, मला तुमच्या बाकावर बसवू नका. देव लागत नाही, पण धम्म लागला. दसऱ्याचा दिवस लागला, दीक्षाभूमी लागली, शेजारी उभा राहून कांदे चिरणारा माणूस लागला. तुमच्याकडे असा कोणता दिवस आहे?

शेगावची_वारी

वा ताई. आणि गाडगेबाबांचं बघा. देवळात देव शोधू नका म्हणून कीर्तनात झोडपायचे, पण पंढरपूर, आळंदी, नाशिकच्या धर्मशाळांना पैसा दिला तो कीर्तन ऐकायला बसलेल्यांनीच.

बर्डीवाला

मागणारा तसा होता म्हणून मिळाला. आनंदवन घ्या. बाबा आमट्यांना रूढ अर्थाने कोणी भाविक म्हणणार नाही, तरी वरोऱ्याच्या माळावर ते उभं राहिलंच ना?

मोमिनपुरा_कट्टा

तुम्ही सगळे मनाच्या मोठेपणावर भांडताय. आमच्या घरी मन विचारत नाहीत, हिशेब विचारतात. रमजानमध्ये अब्बा जकातीची (सक्तीच्या दानाची) वही काढतात. दुकानातला माल, रोकड, अम्मीचे दागिने, त्यातून देणं वजा. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीच्या वर शिल्लक असेल आणि वर्ष झालं असेल तर अडीच टक्के. धंदा मंदा होता, मूड नव्हता, काही चालत नाही. आणि बर्डीवाले साहेब, तुमच्या मुकुटाचं उत्तरही त्यातच आहे. जकात कोणाला द्यायची ते आठ प्रकार ठरलेले आहेत, त्यात गरीब आहे, कर्जबाजारी आहे. मशिदीच्या बांधकामाला ती चालत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात.

काऊन_बे

हे बेस हाय. आमच्याकडं असा नियम असता तं शाळेले दार लागलं असतं.

बर्डीवाला

नियम आवडला. पण जकात बहुतेक करून मुसलमानालाच जाते ना? आपल्या माणसाने आपल्या माणसाला दिलं, याला मी मदत म्हणेन, परोपकार नाही.

मोमिनपुरा_कट्टा

बहुतेकांच्या मते हो, जकात मुसलमानालाच. त्याशिवाय सदका आहे, तो कोणालाही देता येतो. मेयो हॉस्पिटलच्या गेटवर जेवण वाटताना नाव विचारत नाहीत. आता तुमचं सांगा. तुम्ही शेवटची देणगी कुठे दिली? स्वतःच्या शाळेला, जातीच्या वसतिगृहाला, की सोसायटीच्या गणपतीला?

बर्डीवाला

शाळेला. माजी विद्यार्थी निधी. पावती आहे.

आकडेमोड

नव्या कररचनेत ८०-जीची सवलत मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या. पुढच्या वर्षी पावती मागता का, ते पाहू.