अनुभव धागा: विशीतलं वजन, आजचं वजन आणि बीपी

आमच्या पडवीत काजूबी मोजायचा काटा आहे. मे महिन्यात भावंडं जमली की सगळे एकेक करून त्यावर चढायचे आणि काका दाराच्या मागे कोळशाने आकडे लिहायचे. माझा पहिला आकडा १९९९ चा: ५६ किलो, वय २१. आता ७५. कुठल्याच मेमध्ये किलोभराहून जास्त वाढ नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांत आली नाही.

गेल्या वर्षी रक्तदान शिबिरातून मला परत पाठवलं. १६२/१००. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काही म्हणजे काही नाही. पुढे दोनदा वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तरी तेच. डॉक्टरांनी आजचं वजन काट्यावर पाहिलं आणि विचारलं, "लग्नात किती होतात?" पोटात साठलेली चरबी मूत्रपिंडांना दाबते, मग ती मीठ-पाणी धरून ठेवतात, वर वाढलेल्या अंगाला रक्त पुरवायचं म्हणून हृदयाचं काम वाढतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे पोट आधी सुटतं, त्यामुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २३ च्या वर गेला की वजन जास्तच धरतात. माझा २७ च्या पुढे.

तर सांगा: विशीत किती, आज किती, बीपी कधी कळलं? उपदेश नको, तो घरी फुकट मिळतो.

चिपळूणहून

लग्नात ४८. दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात बीपी वाढलं, पाय सुजले. बाळंतपणानंतर उतरलं म्हणून सगळे निर्धास्त. मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि "ओली बाळंतीण आहेस, वाकू नको." वजन ६१ वर गेलं ते तिथून हललंच नाही, उलट चढत राहिलं. शालूवरच्या ब्लाउजची शिवण तीनदा उसवून घेतली. चौथ्या वेळी शिंपी म्हणाला, "वहिनी, माया संपली." तेव्हा ६८.

एकोणचाळिसाव्या वर्षी बीपी परत आलं, या वेळी कायमचं. गरोदरपणात बीपी झालेल्या बाईला पुढे ते होण्याचा धोका जास्त असतो, दर वर्षी मोजायला हवं, हे तेव्हा कळलं. मधल्या बारा वर्षांत मला कुणीही हे सांगितलं नव्हतं. याचा राग अजून आहे.

मालवणहून

मी काय जाडो नाय. इसाव्या वर्षी ५२, आज साठीत ५३. तरी बीपी आसा!

आता शुद्धात लिहितो, नाहीतर घाटावरचे वैतागतील. वडिलांना होतं, दोन्ही भावांना आहे. सकाळी पेज आणि भाजलेला खारा बांगडा, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा दोन्ही वेळा सुकी मासळी. दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा, ही मर्यादा म्हणे. आम्ही ती न्याहारीलाच गाठत असू. "बारीक आहे, याला काय होतंय" म्हणून पंचावन्नपर्यंत माझ्या दंडाला पट्टा कुणी बांधलाच नाही.

गुहागरजवळून

मुंबईत एकतीस वर्षं कारकुनी. ६० चा ८४ झालो, दोन गोळ्या लागल्या. निवृत्त होऊन गावी आलो. घर वरच्या वाडीत, दुकान खाली, मधे पाखाडी: एकशे चाळीस पायऱ्या, रोज दोनदा. वडापाव आपोआप सुटला. दहा महिन्यांत ९ किलो उतरले.

एका सकाळी विहिरीवर वाकून कळशी उचलली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. राहाट धरून तिथेच खाली बसलो. १०४/६४! वजन उतरलं होतं, गोळ्या मात्र ८४ किलोच्याच चालू. किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, असा ढोबळ हिशेब डॉक्टरांनी सांगितला. माझा त्याहून बराच उतरला होता. एक गोळी बंद झाली.

मग मुलाने स्कूटर घेऊन दिली. गाडीरस्ता वाडीपर्यंत झालाच होता. एका पावसाळ्यात ५ किलो परत, गणपतीत १४८. बंद झालेली गोळी पुन्हा सुरू. स्कूटर विकलेली नाही, खोटं कशाला सांगू.

दापोलीहून, परिचारिका

थोडक्यात दोनच गोष्टी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो, मोठा पट्टा मागून घ्या. आणि वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही काढा: पुरुषांचं पोट ९० सेंमीच्या, बायकांचं ८० च्या आत हवं. हात-पाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं आमच्याकडे रोज येतात.

वेंगुर्ल्याहून

आमच्याकडे उलटं. आई ६२ किलोची, कवळी बसेना म्हणून खाणं तुटलं, ४९ झाली. बीपी उतरलं म्हणून आम्ही खूश. डॉक्टर अजिबात खूश नव्हते. म्हातारपणी न ठरवता वजन उतरलं तर आधी कारण शोधा म्हणाले.

जाता जाता: मीठ कमी केलं म्हणणाऱ्यांनी सोलकढीचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, विसरू नये. मिठावरच टिकतं ते.

धागाकर्ता

आगळाचं वाचून उठलो आणि फडताळातली बाटली उजेडात धरली. तळाला बोटभर मीठ बसलंय.