मुलगी रिजनल एअरलाइनमध्ये पायलट, पगाराच्या करारावर मतदान आणि त्यातच विलीनीकरण : सल्ला हवा

स्मिता_एडिसन

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांत काम करणारं किंवा इथल्या युनियनच्या करारांची माहिती असलेलं कोणी असेल तर कृपया वाचा. मतदान संपायला थोडेच दिवस आहेत, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

आमची मुलगी एका रिजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (म्हणजे सहवैमानिक) आहे, एम्ब्राएर 175 वर. कंपनीचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विमानावरचा रंग आणि नाव डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकनचं असतं, तिकीटही त्यांचंच, पण लहान शहरांच्या बऱ्याचशा फेऱ्या दुसरीच कंपनी कंत्राटावर चालवते. पायलट त्या कंपनीचे, त्यामुळे पगारही वेगळा आणि करारही वेगळा. ही विमानं 76 खुर्च्यांच्या वर जाता कामा नयेत, हे मोठ्या कंपन्यांच्या पायलटांनी स्वतःच्या करारात लिहून घेतलंय. म्हणजे मुलीच्या कंपनीने किती वाढायचं तेही दुसऱ्यांच्या कागदावर ठरतं.

तिच्या कंपनीत पगाराच्या वाटाघाटी बरेच दिवस रखडल्या होत्या. मधेच दुसऱ्या एका रिजनल कंपनीशी विलीनीकरण जाहीर झालं आणि लगेच कच्चा करार समोर आला. तासाचा दर बऱ्यापैकी वाढतोय. मागच्या काळाची थकबाकी मात्र नाही, आणि महिन्याचे किमान हमीचे तास आहेत तेवढेच, 75.

मागच्या महिन्याची तिची पे-स्लिप आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर ओळ न् ओळ वाचली. विमानाचं दार लागून ब्रेक सुटला की पगाराचं घड्याळ सुरू, पुढच्या गेटला लागलं की बंद. एका संध्याकाळी येणारं विमानच उशिरा आलं, ही युनिफॉर्ममध्ये अडीच तास गेटवर बसून होती. त्या अडीच तासांपोटी स्लिपवर फक्त भत्त्याचे काही डॉलर. अजून ती रिझर्व्हवर आहे. फोन आला की दोन तासांत शिकागोच्या विमानतळावर हजर व्हायचं, म्हणून तिथे इतर पायलटांबरोबर एका खोलीत बंक बेड भाड्याने घेतलाय. शिक्षणाचं कर्ज आमच्या घरावर आहे.

ह्यांचं म्हणणं, हातात येतंय ते घे, "हो" म्हण. ती म्हणते "नाही". तिला पगारापेक्षा सीनियॉरिटीची धास्ती जास्त आहे. दुसरी कंपनी मोठी आहे आणि तिथली युनियनही वेगळी. दोन याद्या एक होताना आपल्याला तळाला टाकलं तर? कुठला बेस, कुठल्या सुट्ट्या, कॅप्टन कधी, सगळं त्या एका नंबरावर. पुण्याचे माझे दीर विस्तारा या विमान कंपनीचं उदाहरण देतात. एप्रिल 2024 मध्ये एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधी हमीचे तास 70 वरून 40 वर आणणारी वेतनरचना आली, पायलट मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजेवर गेले आणि कंपनीला फेऱ्या कमी कराव्या लागल्या. "तुम्हीही तसंच करा" असं ते म्हणतात.

मला विचारायचंय ते असं. आत्ता "हो" म्हटलं तर पुढे दोन्ही कंपन्यांचा एकत्र करार होताना हात बांधले जातात का? मोठी कंपनी छोटीला खरंच तळाला टाकू शकते का? आणि या सगळ्याला कंटाळून ती दुसरीकडे गेली तर काय गमावेल?

नाना_सिनसिनाटी

स्मिताताई, आधी दिरांच्या सल्ल्याबद्दल. कृपा करून मुलीला तसलं काही करू देऊ नका. इथे विमान कंपन्यांना रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागू आहे. कायदा 1926 चा, विमान कंपन्या त्यात 1936 साली आल्या. या कायद्याखाली कराराची मुदत संपत नाही, तो फक्त दुरुस्तीला खुला होतो आणि जुन्याच अटी चालू राहतात. वाटाघाटी अडल्या की नॅशनल मिडिएशन बोर्डाचा मध्यस्थ येतो, आणि त्याला वेळेचं बंधन नाही. बोर्डाने लवाद सुचवला, कोणी नाकारला, की 30 दिवस थांबायचं आणि मगच संप. त्याआधी ठरवून आजारपणाची रजा टाकली तर कोर्ट युनियनलाच धारेवर धरतं.

रिजनल पायलट संप करू शकत नाहीत असं मात्र नाही. मी तेव्हा इथल्याच विमानतळावर कामाला होतो. 2001 साली कॉमएअरचे पायलट 89 दिवस संपावर होते. टर्मिनलचा तो भाग ओस पडला होता. पायलट ओळीने फलक घेऊन उभे असायचे, कित्येकांच्या बायका-मुलं सोबत. पगार वाढवून घेऊनच ते परत गेले. पुढे 2012 मध्ये डेल्टाने कॉमएअर बंद केली, हेही खरं. त्याला 50 खुर्च्यांची जुनी विमानं आणि इंधनाचा खर्च ही कारणं होतीच, पण "महागडे पायलट" हा शिक्का मारून इतर कंपन्यांत त्याची भीती घालणारे मी पाहिले आहेत.

उत्तरा_के

मी कामगार कायद्याच्या फर्ममध्ये पॅरालीगल आहे, वकील नाही. सीनियॉरिटीबद्दल सांगते.

2001 मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या कितीतरी पायलटांना यादीच्या तळाला चिकटवलं. फ्लाइट अटेंडंट तर सगळ्याच तळाला गेल्या. टीडब्ल्यूएचं मोठं केंद्र मिझुरीत होतं, म्हणून तिथल्याच मॅकॅस्किल आणि बाँड या दोन सिनेटरांनी 2007 मध्ये कायदा करून घेतला. आता याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्या लागतात, जमलं नाही तर लवादाकडे जावं लागतं. दोन्हीकडे एकच युनियन असेल तर त्या युनियनचे अंतर्गत नियम चालतात. तुमच्याकडे युनियन वेगळ्या आहेत, म्हणजे हा कायदाच तिचं कवच. कंपनी मोठी आहे एवढ्यावर कोणाला तळाला टाकता येत नाही.

पण यादीवरून भांडत बसलं तर पगार कसा अडकतो त्याचं उदाहरण म्हणजे यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट. 2005 चं विलीनीकरण. 2007 मध्ये लवादाचा निकाल आला, पूर्वेकडच्या म्हणजे मूळच्या यूएस एअरवेजच्या पायलटांना तो मान्य नव्हता, त्यांनी युनियनच बदलली. परिणाम असा की एकाच कंपनीत दोन गट वेगवेगळ्या करारांवर वर्षानुवर्षं उडत राहिले आणि पूर्वेकडचे दिवाळखोरीच्या काळातल्या कमी दरावर अडकले. एकत्र यादी लागली ती अमेरिकनमध्ये गेल्यावर, 2016 मध्ये. मुलीला हे जरूर सांगा.

एक विचारायचं राहिलं. ती विलीनीकरण जाहीर होण्याआधी लागली की नंतर?

स्मिता_एडिसन

आधी लागली. नाना, उत्तरा, मनापासून आभार. ह्यांना आणि दिरांना दोघांनाही वाचायला दिलं.

मालवाहू_कॅप्टन

आधी लागली ही मोठी जमेची बाजू. लवाद बहुतेक वेळा जाहीर झाल्यानंतर आलेल्यांना खाली ठेवतो.

मी आता मालवाहतुकीत आहे, त्याआधी बरीच वर्षं रिजनलमध्ये काढली. "हो" की "नाही" हे मी सांगणार नाही, करार वाचल्याशिवाय सांगणं चूक होईल. पण तासाच्या दरावरून नजर काढा. पिनॅकल या रिजनल कंपनीचं बघा. त्यांच्याकडे कोलगन ही दुसरी रिजनल आधीच होती, 2010 मध्ये मेसाबा ही तिसरी घेतली, 2011 मध्ये तिन्ही गटांचा एक करार आणि एक यादी झाली, पगार वाढले. एप्रिल 2012 मध्ये दिवाळखोरी. वाढलेला पगार पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच कमी करून घ्यावा लागला, आणि तीच कंपनी आता डेल्टाच्या मालकीची एंडेव्हर आहे. दर कागदावर छान होता, पण कंपनीच्या हातातली उड्डाणांची कंत्राटं भक्कम नव्हती.

कोलगन हे नाव इथे सगळ्या पायलटांच्या मनात कोरलेलं आहे. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ त्यांचं फ्लाइट 3407 चं विमान पडलं, 50 माणसं गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर 24 वर्षांची, पगार वर्षाला 16 हजार डॉलरच्या आसपास. राहायला सिअ‍ॅटलकडे, बेस नुअर्कला, रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून ड्यूटीवर आलेली. त्यानंतरच पायलटला नोकरीआधी साधारण 1500 तास उड्डाणाचा अनुभव हवा हा नियम आला, पायलट कमी पडू लागले, आणि 2022 मध्ये अमेरिकनच्या स्वतःच्या रिजनल कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला 90 डॉलरवर नेला. आम्ही चांगला पगार मागतो तेव्हा मागे हे सगळं असतं. शिकागोतल्या बंक बेडवर झोपणाऱ्या तुमच्या मुलीने रिझर्व्हच्या नियमांवर अडून बसणं म्हणूनच मला पूर्ण योग्य वाटतं.

सोडून जाण्याबद्दल. दुसऱ्या रिजनलमध्ये आडवी उडी मारू नये. कंपनी बदलली की नंबर शून्यापासून. कधी कधी अनुभवाची वर्षं पगारापुरती धरतात, यादीत कधीच नाही. मोठ्या कंपनीतून किंवा मालवाहतुकीतून बोलावणं आलं तर मात्र विलीनीकरणाची वाट बघू नये, लगेच जावं. तिथली यादीही रोज वाढते आहे.

युनियन रोड शो, म्हणजे करार समजावून सांगणाऱ्या सभा, घेत असेल. तिथे तिने विचारावं : हा करार नव्या मालकावर बंधनकारक आहे का, एकत्र करार होईपर्यंत दोन्हीकडची विमानं आणि पायलट वेगळे ठेवणारं कलम आहे का, आणि एकत्र करार अमुक मुदतीत झाला नाही तर लवाद आहे का. पहिली दोन उत्तरं "हो" असतील तर आत्ता मत दिल्याने हात बांधले जात नाहीत, उलट पाया वर जातो. उत्तर गोलमोल आलं तर तिची "नाही" बरोबर आहे.

स्मिता_एडिसन

काका, तुमचा प्रतिसाद तिला तसाच पाठवला. रोड शो गुरुवारी आहे, ती ड्यूटीवर असेल पण ऑनलाइन जोडता येतं म्हणाली. उड्डाणांची कंत्राटं किती वर्षांची उरली आहेत हेही विचारणार आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, मग ही माहिती युनियनकडून मिळते का?

मालवाहू_कॅप्टन

मिळते. वाटाघाटी करणाऱ्या समितीने आर्थिक विश्लेषण करून घेतलेलं असतं, गोपनीयतेमुळे आकडे सगळ्यांना देत नाहीत. पण "ज्या विमानांवर आमचा बेस चालतो त्यांचं कंत्राट या कराराच्या मुदतीच्या आधी संपतंय का?" असं विचारलं तर हो-नाही सांगतात. प्रश्न लेखी आधी पाठवायला सांगा, म्हणजे टाळता येत नाही.