शेजारचा निंदक आणि 'ण'चा उच्चार

'निंदकाचे घर असावे शेजारी' म्हणत दादा, तुम्ही लिहिलंत की टीका कशीही असो, खंबीर माणूस तिच्यातून शिकतोच. मला हे अजिबात पटत नाही.

आठवीत असताना अंबाजोगाईला वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले. आमच्या घरी सगळेच 'पाणी'ला 'पानी' म्हणतात, तशीच मी बोलले. खाली उतरले तर एक परीक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी बोलायला शिक, मग स्टेजवर ये." पुढची दोन वर्षं उत्तर येत असूनही मी वर्गात हात वर केला नाही. काय सुधारायचं ते त्यांनी सांगितलंच नव्हतं ना!

दहावीत नव्या बाईंनी जवळ बसवून घेतलं. "जीभ टाळूला जरा मागं लाव. हां, आता म्हण, पाणी. लोणी. कणीस." कणीस म्हणताना अडखळले की थांबायच्या, पुन्हा म्हणायला लावायच्या. आठ दिवस, रोज मधल्या सुट्टीत. घरची बोली सोड, असं मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत.

क्लूगर आणि डेनिसी या अभ्यासकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामाचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून हटून स्वतःकडे वळलं की उपयोग कमी होतो, असं त्यांना आढळलं.

लातूरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याच्या गणिताच्या वहीवर परवा नुसता 'निष्काळजी' असा शेरा आला. कोणती पायरी चुकली, ते तो अजून शोधतोय.